नारळ कुठल्या पुनवेला

अंधेरी, १४ ऑगस्ट १९५७

तुळशीदास,

स.न.वि.वि. लिहीत नाही. तुला नमस्कार करण्याइतका मी अजून वाकलेलो नाही, आणि विनंती तर मुळीच करायची नाही. एक बातमी तेवढी द्यायची आहे. तुझ्या वेसाव्याचं कोणी ना कोणी ती तुला तिखटमीठ लावून कळवणारच. त्यापेक्षा माझ्याकडून कोरडी ऐक.

माझी गोष्ट छापून येते आहे. दोन चंद्रांची. गिरगावातले एक प्रकाशक ‘यंत्रयुगातील नवलकथा’ नावाचा संग्रह दिवाळीनंतर काढताहेत. अकरा लेखक, अकरा कथा, त्यातली सातवी माझी. संपादक आहेत मधुकर पोंक्षे. गृहस्थाने आयुष्यात दुर्बिणीला डोळा लावलेला नाही, पण बोलताना ‘अणु’ आणि ‘आकाशगंगा’ हे शब्द दर दोन वाक्यांआड येतात. मराठीत असं पुस्तक प्रथमच निघतंय असं ते मला चार वेळा म्हणाले. वाचणार कोण, ते एकदाही म्हणाले नाहीत.

तरी मी खूश आहे. लपवून काय करू? दोन वर्षं तू तिकडे वेरावळला कारखान्यात मासळीसाठी बर्फ पाडतो आहेस, आणि इथे मी त्याच शाळेत आठवीला तीच तरफ आणि तोच टेकू शिकवतो आहे. पुस्तकात नाव येणं ही पहिलीच नवी गोष्ट. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “पुढे काय होणार ते पंचांगात असतं. तू निराळं काय लिहिलंस?” पोराचं कौतुक चुकून जरी झालं तरी माझ्या वडिलांचं पुण्य खर्ची पडतं.

आता मुद्द्याचं. तू म्हणशील, गोष्ट आपली दोघांची. म्हणू नकोस. तू एक प्रश्न विचारला होतास, बस्स. प्रश्न विचारून गोष्ट होत नसते. तसं असतं तर आमचे शाळातपासनीस आजवर महाकवी झाले असते. रात्रीची वीज वाचावी म्हणून एक राष्ट्र आभाळात दुसरा चंद्र टांगतं, ही कल्पना माझी. भरती-ओहोटीचं गणित कोसळतं, ते मी लिहिलं. दोन्ही चंद्र एका दिवशी कधी पूर्ण होतच नाहीत, म्हणून कोळीवाड्यात वाद पेटतो की नारळी पौर्णिमा कुठली धरायची. नारळ दर्याला दिल्याशिवाय होड्या लोटायच्या कशा? वाद मिटत नाही, होड्या वाळूवरच राहतात आणि गाव उपाशी मरतं. शेवटी एक म्हातारी हातात नारळ धरून किनाऱ्यावर बसलेली, दोन्ही चंद्रांकडे बघत. हा शेवट तर तू ऐकलेलाही नाहीस. तो वाचून पोंक्ष्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डोळ्यांची किंमत मी जाणतो, पण पाणी खरं होतं.

तेव्हा पुस्तक निघाल्यावर गावात, बाजारात, कुठेही ‘माझीच गोष्ट भटाने ढापली’ असं बोलत फिरू नकोस. एवढ्यासाठीच पत्र.

विद्याधर

अंधेरी, ८ सप्टेंबर १९५७

तुळशीदास,

उत्तर आलं नाही. बर्फाच्या कारखान्यात शाईसुद्धा गोठते वाटतं.

मुद्रितं तपासून झाली. संग्रहातल्या शेजाऱ्यांच्या कथाही वाचायला मिळाल्या. एकीत मंगळावरची माणसं पहिल्याच भेटीत संस्कृतमध्ये बोलतात, आणि चुकत नाहीत. दुसरीत एक शास्त्रज्ञ अदृश्य होण्याचं औषध काढतो आणि त्याचा पहिला उपयोग काय, तर सासुरवाडीची भांडणं चोरून ऐकणे. तिसरीतलं यंत्र माणसाच्या मनातलं सगळं छापून बाहेर काढतं. लेखकाने स्वतःला त्यात घालून पाहिलं असतं तर कोरा कागद आला असता. अशा पंगतीत माझं पान मांडलंय. पण पान आहे.

पोंक्ष्यांना आता नवं खूळ सुचलंय. प्रत्येक कथेच्या आधी लेखकाने एका परिच्छेदात ‘कथेची जन्मकथा’ लिहायची. कल्पना कुठे सुचली, कशी सुचली. वाचकाला म्हणे प्रतिभेचा प्रवास कळतो. मी लिहून दिलं: ‘एकदा चाळीच्या गच्चीवर एकटाच उभा असता पूर्णचंद्राकडे पाहून मनात विचार आला की...’ वगैरे. पोंक्षे म्हणाले, अप्रतिम.

आमच्या उत्तराबाईंनी त्याची सुवाच्य प्रत केली. माझ्या बायकोचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि दुर्दैवाने डोळेही. तिने लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, “आपल्या चाळीला गच्ची कुठाय? वर तर कौलं आहेत ना?” मी म्हटलं, साहित्यात गच्ची असते. तिने लेखणी पुन्हा उचलली, आणि ‘गच्ची’ हा शब्द असा काढलाय की पानावर उठून दिसतो.

तुला खरं माहीत आहे. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, चोपन्न साली, वेसाव्याला तुमच्या घरामागे बोंबील वाळवायच्या रिकाम्या बांबूंखाली आपण बसलो होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तू मला शिकवत होतास. बी.एस्सी. मी, आणि मॅट्रिकनंतर होडीवर गेलेला तू मला चंद्र शिकवत होतास. शिकवता शिकवता थांबलास आणि म्हणालास, “विद्या, चंद्र दोन असते तर नारळ कुठल्या पुनवेला टाकला असता रे?”

हे जन्मकथेत लिहिलं असतं तर? अंधेरीचा शास्त्राचा मास्तर, आणि त्याला कल्पना देणार बोंबलाच्या बांबूखाली बसलेला नाखवा. पोंक्षे हसले असते. म्हणून गच्ची. यात कुणाचं काय बिघडलं?

विद्याधर

अंधेरी, ९ ऑक्टोबर १९५७

तुळशीदास,

वाट लागली.

तिकडे वर्तमानपत्र येत असेल तर वाचलं असशील. रशियाने कृत्रिम चंद्र सोडला. खराखुरा, पृथ्वीभोवती फिरणारा. एवढ्या मोठ्या देशाला तीन आठवडे कळ काढवली नाही. माझी कथा छापखान्यात, आणि ह्यांचा चंद्र आभाळात.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर चित्रकलेच्या मास्तरांनी उठून हात जोडले. “या, रशियाचे जावई.” दुसरे म्हणाले, “आठल्ये, तुमची गोष्ट वर्तमानपत्रातच आली की, तीही चित्रासकट.” मी सांगितलं, मी ती तीन वर्षांपूर्वी लिहिलीय. कोणी मानलं नाही. कसं मानतील? जे स्वतः तीन वर्षांत तीन ओळी लिहीत नाहीत, त्यांना दुसऱ्याचं लिहिलेलं नेहमी ताजंच वाटतं. अण्णांना मात्र आनंद झाला. म्हणाले, “चला, एवढ्यात संपलं ते तुझं भविष्य.”

पोंक्ष्यांकडे धावलो. त्यांचा चेहरा पडलेला. म्हणतात, लोक म्हणणार की लेखकाने बातमी वाचली आणि रातोरात गोष्ट पाडली. संग्रहाची अब्रू जाईल. शेवटी असं ठरलं: ही कथा आठल्ये यांनी चोपन्न साली लिहिली आणि ती त्यांचीच आहे, असं कोणा जाणत्या साक्षीदाराचं पत्र आणून द्यायचं. ते प्रस्तावनेत छापतील. महिनाअखेर पत्र आलं नाही तर सातवी कथा गळणार. सासुरवाडीची भांडणं छापणार, आणि माझी कथा नाही.

साक्षीदार जगात एकच आहे. तो वेरावळला आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

आता तू म्हणशील, लिफाफ्याचं काय. ठीक आहे, लिफाफ्याचं बोलू. पंचावन्न साली ती गोष्ट मी एका दिवाळी अंकाला पाठवली. वर दोघांची नावं घालायची असं आपलं ठरलं होतं. मी एकाचंच घातलं. दोन नावांची गोष्ट दुकानाच्या पाटीसारखी दिसते, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तुझ्या नावाने ती कोणी वाचणार नाही असं वाटलं. ती साभार परत आली, आणि तो लिफाफा माझ्या टेबलावर तू पाहिलास. ओरडला असतास तर मीही ओरडलो असतो. तू चहा पूर्ण प्यालास, कपबशी खाली ठेवलीस आणि गेलास. महिन्याभराने कळलं की वेरावळला नोकरी धरलीस. परत आलेल्या एका लिफाफ्यावरून कोणी गाव सोडतं का रे? हा तुझा ताठा माझ्यापेक्षा काही कमी नाही.

असो. पत्र पाठव. चारच ओळी हव्यात: कथा चोपन्न सालची आहे, ती विद्याधर आठल्ये यांनीच लिहिली, मी ती लिहिताना पाहिली. यात खोटं काही नाही. आधी म्हटलं होतं की विनंती करणार नाही. तेव्हा ही विनंती समजू नकोस. पण पत्र पाठव.

विद्याधर

अंधेरी, २० ऑक्टोबर १९५७

तुळशीदास,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी लिहायला बसलास आणि अख्खं कार्डसुद्धा भरलं नाहीस. ‘गोष्ट माझ्या आयला वाचून दाखव. ती बोलली तुझी, तर मी तसा लिहून देईन.’ खाली सहीदेखील नाही.

ही थट्टा आहे की शिक्षा? पुतळाबाईंना अक्षर ओळखता येत नाही. पंचेचाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात मासळी विकली त्यांनी. त्यांना मी काय वाचून दाखवू, उपग्रहाची कक्षा? गुरुत्वाकर्षण? संपादकांच्या डोळ्यांत पाणी आणलेली कथा आता मासळी विकणारी बाई तपासणार. उद्या त्या म्हणतील, बाबा, यात सुरमई किती आणि बोंबील किती? म्हातारीला विज्ञान काय कळतं? मी जाणार नाही.

हे मी उत्तराला मोठ्याने सांगितलं. ती चकल्या पाडत होती. सोऱ्या फिरवता फिरवताच म्हणाली, “तुम्हाला भीती वाटते.” कशाची, असं विचारलं तर म्हणाली, “त्या म्हणतील, ही तर माझ्या तुळश्याची गोष्ट.” बायकांना दिवाळीच्या तोंडावर असलं काहीतरी बोलायला कुठून सुचतं कळत नाही.

तुला सांगायला हरकत नाही. भीती वाटतेच. तुझ्या घरी मी किती जेवलो, ते तुझ्या आईने कधी मोजलं नाही. भटाचा पोर म्हणून माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरणभात करायची, आणि आपल्याच घरात त्या चुलीजवळ मासळी येऊ द्यायची नाही. तिच्यासमोर बसून ‘ही माझी’ म्हणायचं म्हणजे जरा जड आहे. पोंक्ष्यांसमोर सोपं गेलं. पोंक्ष्यांसमोर काहीही सोपं जातं.

महिनाअखेरीला अकरा दिवस उरलेत. तुझ्या अटीवर मी थुंकतो.

विद्याधर

अंधेरी, २८ ऑक्टोबर १९५७

तुळशीदास,

काल रविवारी वेसाव्याला गेलो. उत्तराही आली. मी वाटेतून परत फिरू नये म्हणून आली असावी.

तुझी आई घरामागे बोंबील लावत होती. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूवर टाकायचे. हात आपले चाललेले. मला पाहून तिने विचारलं नाही की दोन वर्षं कुठे मेला होतास. बस म्हणाली. मी तुझं कार्ड दाखवलं आणि ते वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, “वाच तं.” हात थांबवले नाहीत. आणखी चार बायका काम करत होत्या, त्याही जवळ सरकल्या.

मी वाचली. आधी वाटलं होतं, कक्षा आणि गुरुत्वाकर्षण गाळून वाचावं. पण नाही गाळलं. आश्चर्य म्हणजे तिथे कोणाला अडलं नाही. दुसरा चंद्र टांगला म्हटल्यावर एक बाई लगेच म्हणाली, मग भरती चार वेळा येणार की नाही? आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. भरती-ओहोटीचं गणित कोसळतं, ते पान वाचताना तुझी आई मान हलवत होती. तिथे मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल, हे तर माझ्या तुळश्याचं.  तिने बोंबलांची आणखी एक जोडी बांबूवर टाकली.

मग शेवट आला. होड्या वाळूवर, पंचांचा वाद, तीन महिने लोटले, पोरं भुकेने निपचित पडलेली, म्हातारीच्या हातात नारळ. हा भाग मी चांगला वाचतो. आवाज जरा खाली आणतो. वाचून झालं आणि थांबलो.

“ना मंग खाला काय त्यांनी?” तुझी आई म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही, उपाशी राहिले. तेच तर दुःख आहे.

“तीन मैने?”

हो म्हटलं.

तिने हातातली बोंबलांची जोडी खाली ठेवली. सगळ्या वेळात पहिल्यांदा तिचे हात थांबले. “घरान पोरां रडतान, ना नाखवा वाळूवर बसून चंद्र बघतंय?” आधी ती इतर बायकांकडे वळली आणि मग माझ्याकडे. “दोन चंद्र हान तं दोन नारल टाकाचं, ना होरी लोटाची. दर्या काय नारलाला नाय बोलतंय?”

चारही बायका हसल्या. साधं हसू नव्हे. एक तर पोट धरून खाली बसली. माझी बायकोही हसली. तुझी आई मात्र हसली नाही. पुन्हा जोडी उचलून ती बांबूवर टाकत म्हणाली, “तुलश्याला लिव. म्हनाव, आय बोलली, गोष्ट मास्तराचीच हाय. आमचे घरचा मानूस असा लिवनारच नाय.”

झालं. पाहिजे होतं ते मिळालं. तीन वर्षं ज्याची धास्ती होती तो निकाल माझ्या बाजूने लागला, आणि असा लागला की मला तिथून उठता येईना.

घरी येताना मी उत्तराशी भांडलो. म्हटलं, कथेत प्रतीक असतं, रूपक असतं, ह्या बायकांना काय कळणार.  ती म्हणाली, “तुमच्या मुंजीचं काय झालं होतं?” तुला हा किस्सा मी कधी सांगितला नसेल. माझ्या मुंजीचा मुहूर्त दोन पंचांगांत दोन निघाला. अण्णा एका पंचांगाचे, काका दुसऱ्याचे. दोघांत बोलणं बंद झालं आणि मुंज सहा महिने पुढे गेली. आमच्याकडे तिथीचा घोळ झाला की माणसं हातावर हात ठेवून बसतात, आणि बसू शकतात, कारण मुंज राहिली तरी अण्णांचा पगार येत होता आणि चूल पेटत होती. मी तुमच्या किनाऱ्यावर आमचं घर नेऊन बसवलं. त्यांना लुगडी आणि रुमाल नेसवले, हातात नारळ दिला, आणि वर त्यांना उपाशी मारलं. ते वाचून पोंक्षे रडले. पोंक्ष्यांच्या घरचीही मुंज पुढे गेली असणार.

मी आजवर किती जणांना मूर्ख म्हटलं, तू मोज. ह्याच पत्रांतून मोज. त्यांतल्या एकानेही असली घोडचूक केलेली नाही. मंगळावर संस्कृत चालतं की नाही कोणी सांगावं? पण पोर रडत असताना कोळी होडी लोटतो, हे सांगायला दुर्बीण लागत नाही. तुमच्या घरी दहा वर्षं वरणभात खाल्लेल्या मला ते ठाऊक नव्हतं. मला स्वतःची लाज वाटते, तुळशीदास. हे वाक्य लिहायला तासभर लागला.

साक्षीचं पत्र पाठवू नकोस. नको आहे.

विद्याधर

अंधेरी, ३० नोव्हेंबर १९५७

तुळशीदास,

सोबत पुस्तक आहे. मुखपृष्ठावर एक अग्निबाण, एक ललना, आणि कोपऱ्यात कशासाठी तरी एक वाघ. सगळं सांगतो. नाहीतर तू समजशील की मी फार मोठा त्याग केला.

वेसाव्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पोंक्ष्यांकडे गेलो. म्हटलं, शेवट चुकलाय. कोळी असे बसून मरत नाहीत. पोंक्षे म्हणाले, शेवट हाच कथेचा प्राण आहे. रूढीपायी समाज कसा मरतो याचं इतकं हृदयद्रावक चित्र त्यांनी पाहिलं नाही. मी तुझ्या आईचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, “अहो आठल्ये, म्हातारीला विज्ञान काय कळतं?” ते माझंच वाक्य होतं, शब्द न् शब्द. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाणेरडं वाटलं!

मी हट्ट धरला असता तर शेवट बदलता आला असता. फर्मा यंत्रावर चढायला दोन दिवस होते. छापखान्याच्या बाकावर बसून नवा शेवट लिहायलाही घेतला. दोन नारळ, दोन पुनवा, होड्या पाण्यात. झकास जमत होता. आणि चौथ्या ओळीला कळलं की मी पुन्हा तेच करतोय. मुलाचा प्रश्न घेऊन झाला, आता आईचं उत्तर घेतोय, वर नाव विद्याधर आठल्ये. कागद फाडला.

मग कथा मागेच घ्यायची होती, म्हणशील. उत्तराही तेच म्हणाली. ती म्हणाली, तुमचा प्रामाणिकपणा शाबूत राहावा म्हणून कागदावर का होईना, ती पोरं उपाशी मारायची का?  कथा मागे घ्यायची छाती झाली नाही. पहिलीच कथा आहे रे. नाव छापलेलं बघायचं होतं.

एवढं केलं: गच्चीचा परिच्छेद काढायला लावला. साक्षीचं पत्रही आणणार नाही म्हटलं. जन्मकथेच्या जागी जे लिहून देतो ते छापा, नाहीतर कथा गाळा. पोंक्ष्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अकराच्या दहा कथा होणार म्हटल्यावर मान्य केलं. पान सत्त्याहत्तर उघड. दोनच वाक्यं आहेत. ‘या कथेतील प्रश्न वेसावे येथील तुळशीदास लाकडे यांचा आहे. उत्तर माझे आहे.’

पोंक्षे म्हणाले, दुसरं वाक्य कशाला, कथा तुमची आहे हे दिसतंच की. मी म्हटलं, राहू द्या. वाचणाऱ्यांना वाटेल लेखकाने ऐटीत लिहिलंय. शाळेत तसंच वाटलं. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर शेवटाची वाहवा केली. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, आता तर रशियाने कुत्रीसुद्धा वर पाठवली, तिच्यावर लिहा. मी मान डोलावून नमस्कार केले. ज्याची मला लाज वाटते त्याचंच कौतुक ऐकायचं, ही शिक्षा अण्णांच्या पंचांगातसुद्धा नव्हती.

एका प्रतीवर उत्तराने तुझ्या आईचं नाव घातलं आणि स्वतः जाऊन देऊन आली. परतली तेव्हा म्हणाली, पुतळाबाईंनी तुझ्या नावावर बोट ठेवायला लावलं, आणि कुठलं अक्षर कुठलं ते विचारून घेतलं. आता तिकडे कोणी शिकलेलं दिसलं की ती पुस्तक काढते आणि शेवट वाचायला लावते. सगळा वाडा हसतो. परवा बाजारावरून चाललो होतो, तर पाटीमागून तिची हाक आली, “मास्तर, आज कंची पुनव?” अख्खी रांग हसली. मी खाली मान घालून पुढे गेलो. पण राग आला नाही. आतापर्यंत कथेवर जेवढे अभिप्राय आले, त्यांत खरा तेवढाच होता.

तुझ्या नावाचं जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आता केलं, आणि तेही अर्धंच. त्याने लिफाफा पुसला जात नाही, मला माहीत आहे. कार्ड पाठवू नकोस. लांबून काय वाटेल ते म्हणशील आणि मी इथे बसून त्यातही चुका काढीन. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पान सत्त्याहत्तरपासून शेवटापर्यंत वाच. हसू येईल. ते तिकडे वेरावळला हसून संपवू नकोस. ये, आणि माझ्या तोंडावर हस.

विद्या